आवाज वळून येतो

—नाही हो, ताट वाजवून नाही कळत. तेच तर सांगतोय मघापासून. तुम्ही मागे उभं राहून ताट वाजवलंत, बाळानं मान वळवली, मग तुम्ही घरात सगळ्यांना सांगितलंत की ऐकू येतंय, डॉक्टर उगाच घाबरवतायत—बरोबर ना? बघा. मी पण तेच केलं होतं. ताटाऐवजी आमच्याकडे कुकरचं झाकण होतं आणि लाटणं. आमची आमू फरशीवर पाठमोरी बसलेली, मी धाडकन मारलं की ती वळायची, हसायची. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, बघा, येतंय की ऐकू. मग एकदा शालननं—शालन म्हणजे माझी मिसेस, आत आहे ती आमूबरोबर—शालननं तिला उचलून गादीवर बसवली आणि म्हणाली, आता वाजवा. वाजवलं. काही नाही. परत वाजवलं, बोट सुजेपर्यंत वाजवलं, पोरगी आपली बाहुलीचे केस विंचरतेय. फरशीवर वळते आणि गादीवर वळत नाही, म्हणजे काय? अहो, फरशी हादरत होती! लाटण्याबरोबर माझा पाय आपटत होता. आवाज म्हणजे शेवटी हादराच की, कानानं नाही तर बुडानं घेतला तिनं. आणि मागून सावली पडत होती माझी, ती वेगळीच. उजेडानं चुगली केली, फरशीनं चुगली केली, आणि आम्ही समजलो कान चांगले आहेत.

बसा, बसा. झोपेचं औषध पाजलंय ना बाळाला? मग झोपल्याशिवाय नाही आत घेत. तुमच्या मिसेस आहेत ना जवळ, मग झालं. बेरा तपासणी म्हणजे काय घाबरण्यासारखं नाही, सुई नाही, काही नाही. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात टकटक असा आवाज सोडतात, आणि तो आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते कॉम्प्युटरवर दिसतं. पोचला की रेघेवर लाटा उठतात, एकामागे एक. नाही पोचला तर रेघ सपाट. आमूची सपाट होती. शेवटी शेवटी मशीन एवढा मोठा आवाज सोडत होतं की तिच्या कानातल्या नळीतून मला बाहेर ऐकू येत होता, आणि रेघ सपाट. पण तुमचं तसंच असेल असं नाही हां. प्रत्येकाचं वेगळं असतं. लोणी काळभोरहून आलात म्हणालात ना? सकाळी सोलापूर रोडला अडकला असाल हडपसरला. मला विचारा रस्त्याचं, मी एसटीत आहे. कंट्रोलर. स्टँडवर माईकवरून गाड्या सांगतात ना, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, तो मी. आवाज ओळखीचा वाटला? वाटतो लोकांना. येरवड्यात आमच्या विहारात जयंतीचं सूत्रसंचालन पण माझ्याकडेच असतं, बुद्धभूषणला माईक द्या, मांडवाला भोंगा लागत नाही म्हणतात. आणि माझ्याच पोटी—जाऊ द्या.

मी बाहेर का बसलोय? आत गर्दी नको म्हणून. छोटी खोली आहे, ऑडिओलॉजीच्या मॅडम, आमू, शालन. माणूस उगाच कशाला चौथा.

तर सांगत होतो. आधी कानामागचं साधं मशीन लावून बघितलं, उपयोग नाही. मग ऑपरेशन. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक तार सरकवतात, आणि बाहेर डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारं मशीन. बाहेरचं मशीन आवाज पकडतं, त्याची वीज करतं, आतली तार ती वीज थेट नसेला देते. म्हणजे कानाला वगळूनच सगळा कारभार. ज्या दिवशी पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी मी समोर बसलो आणि म्हटलं, आम्रपाली. नाव आम्रपाली आहे तिचं. आणि पोरगी रडायला लागली, शालनच्या पदरात तोंड घालून. मॅडम म्हणाल्या रडली म्हणजे ऐकू आलं, पेढे वाटा. मी वाटले. पुढं वर्षानुवर्षं स्पीच थेरपी. घरी रोज मी बसवायचो. तोंडापुढे कागद धरायचा आणि बोलायचं—ओठ बघून ओळखू नये, कानानंच ओळखावं म्हणून. आणि हातवारे एकदम बंद. तेव्हा सगळे तेच सांगायचे, हाताची सवय लागली की जीभ आळशी होते. तर पाणी हवं असेल तर पाणी म्हणायचं, बोट दाखवलं की पाणी नाही. कडक वाटतं ना तुम्हाला? वाटू द्या. आज ती बोलते. ‘स’ नीट येत नाही, ‘च’ येत नाही, पण साध्या शाळेत आहे आठवीत, सगळ्यांबरोबर. कुणामुळे? सांगा ना कुणामुळे.

आता हे विज्ञानाचं खूळ. ह्या वर्षी त्यांना नवीन बाई आल्या, पूर्णिमा टीचर. चांगल्या आहेत, माझं काही म्हणणं नाही. त्यांनी प्रकाश आणि ध्वनी शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी वर्गात एक व्हिडिओ दाखवला—काचेच्या हंडीत घंटी वाजतेय, पंपानं आतली हवा काढत जातात, घंटीचा आवाज बारीक होत होत बंद, पण आतला लोलक आपला हलताना दिसतोयच. म्हणजे काय, तर आवाजाला जायला हवा लागते, पाणी लागतं, भिंत लागते, काहीतरी लागतं. उजेडाला काही लागत नाही, तो पोकळीतून पण येतो, नाहीतर सूर्य दिसला नसता आपल्याला. सगळा वर्ग आ वासून बसला. आमची एकटी अशी बसली, की ह्यात काय नवल. टीचरनी विचारलं, तुला आश्चर्य नाही वाटलं? तर म्हणते कशी, मशीन काढलं की मला सगळ्या घंट्या अशाच दिसतात. पोरं हसली. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि ते डब्याचं काम दिलं.

डबा म्हणजे साधा पत्र्याचा डबा हो, दोन्ही बाजूंनी तोंडं कापलेला. एका तोंडावर फुगा कापून ताणून बसवायचा, ढोलाला कातडं बसवतात तसा. फुग्यावर आरशाचा छोटा तुकडा चिकटवायचा, मधोमध नाही, जरा कडेला. मग लेझरचा लाल दिवा त्या आरशावर सोडायचा—तो पक्का बांधून ठेवलेला, कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून, टीचर त्या बाबतीत कडक—आणि आरशावरून उडून ठिपका समोरच्या भिंतीवर. झालं? आता डब्याच्या उघड्या तोंडातून बोला. तुमच्या आवाजानं हवा हलते, हवेनं फुगा हलतो, फुग्याबरोबर आरसा, आणि भिंतीवर तो ठिपका नाचायला लागतो. ठिपका एकच, पण पळतो एवढ्या जोरात की डोळ्याला रेघ दिसते, अंधारात उदबत्ती फिरवल्यासारखी. सरळ ‘आऽऽ’ लावला तर वेटोळं होतं छान. जाड आवाजाचं वेगळं, बारीक आवाजाचं वेगळं. आणि जेवढा मोठ्यानं तेवढं वेटोळं मोठं. आपल्याला ऐकू येतं ते तिला दिसायला लागलं! वेडी झाली पोरगी. शेजारच्या मंदाकिनीकाकूंचा आवाज बघ, दूधवाल्याचा आवाज बघ, कुत्र्याला पण डब्यात भुंकायला लावायला निघाली होती. माझा नाही बघितला. मी ड्युटीवर, दुपारची पाळी, घरी येईस्तोवर ती झोपलेली.

मग शाळेचं प्रदर्शन लागलं. मी स्टँडवरून तसाच गेलो, खाकीत. हॉलमध्ये हा गोंधळ, पोरं, पालक, कुठं ज्वालामुखी फुटतोय, कुठं पवनचक्की फिरतेय. कोपऱ्यात पडदा लावून अंधार केलेला, त्यात आमू, शेजारी शालन. आणि मी बघतो तर डोक्याला मशीन नाही. काढून कंपासपेटीत ठेवलेलं. गोंगाटात सगळे आवाज एकमेकांत कालवले जातात म्हणते, डोकं दुखतं. असेल. पण लोक येतायत, प्रश्न विचारतायत, आणि ही मशीन काढून उभी! मी म्हटलं, मशीन कुठंय? तिनं डबा माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, बोला पप्पा. हसत होती. मी परत म्हटलं, मशीन घाल. ती भिंतीकडे बघतेय. मग मी—आता तुम्हीच सांगा, समोरचा ऐकत नसेल तर माणूस काय करतो? आवाज चढवतो. डबा तोंडासमोरच होता. आणि तो ठिपका त्यांनी चिकटवलेला पांढरा कागद सोडून पार बाहेर गेला, वर, बाजूला, नुसता फाटल्यासारखा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं प्रयोगच आहे, काकांनी काय मस्त करून दाखवलं. एक जण म्हणाला, वन्स मोअर.

आमूनं टाळी नाही वाजवली. त्या भिंतीकडेच बघत राहिली, ठिपका परत जागेवर आला तरी. मशीनमधून काय होतं, मॅडमनी नंतर समजावलं मला, की फार मोठा आवाज आला तर मशीन तो आतल्या आत दाबून टाकतं, नसेला त्रास नको म्हणून. म्हणजे मी किती मोठ्यानं बोलतो ते तिला कधी कळलेलंच नव्हतं. तिला वाटायचं सगळेच बाप सारख्याच आवाजात बोलतात. मग ती शालनकडे वळली आणि हातानं काहीतरी विचारलं. असं, बोटं अशी फिरवून. मला हाताचं काही कळत नाही. पण शालननं मान हलवली ना, ती कळली. हो म्हणाली ती. रोज का, असं विचारलं असणार पोरीनं. दुसरं काय असणार?

आणि मला एक सांगा, ह्या दोघींना हातवारे आले कुठून? घरात बंद होते ना? मला माहीत होतं तसं. म्हणजे माहीत होतं असं नाही. पाळी सकाळची असली की मी संध्याकाळी येतो, जिन्यातून वर येताना स्वयंपाकघराची खिडकी दिसते, दोघींचे हात चाललेले असतात, कणीक तशीच परातीत, शालन एवढी हसतेय—माझ्याशी कधी हसली नाही तशी. मी कुलूप उघडलं की आमू दाराकडे पाठ करून असते, कुलपाचा एवढा बारीक आवाज मशीनमधून तिला कसा कळायचा. पण शालनला ऐकू येतं ना. शालनचे हात खाली जातात, ते बघून हिचे जातात. मी आत येतो तेव्हा एक जण पोळ्या लाटतेय, एक अभ्यास करतेय. काय बोलत होता, म्हटलं तर काही नाही.

तेव्हापासून मशीन बंद. प्रदर्शन झालं, कंपासपेटीतून कपाटात गेलं. शाळेत पहिल्या बाकावर बसते, टीचर तोंड समोर ठेवून बोलतात, फळ्यावर लिहितात, चालतंय म्हणते. मार्क तेवढेच आहेत, खोटं कशाला बोलू. पण बाहेर? क्लासवरून येताना आमच्या चौकात मागून बस आली. पीएमटी. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, अख्खा चौक बघतोय, आणि ही मधून चाललीय. आरसा लागला हो बसचा दप्तराला. दप्तर लांब उडालं. मला स्टँडवर फोन आला तेव्हा मी गाडी पुकारत होतो, माईक चालू होता, आणि माझ्या तोंडातून काय शब्द गेला ते सगळ्या फलाटांनी ऐकलं. तिला खरचटलं सुद्धा नव्हतं. पण मी बसवाला माणूस आहे, मी बघितलंय बसखाली काय होतं. मला नका सांगू.

घरी येऊन मी तिचंच पुस्तक घेतलं. होय, वादात जिंकायला घेतलं. रात्रभर नाही, पण नीट वाचलं, रेघा मारल्या. आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, हे बघ, उजेड सरळ रेषेत जातो. भिंतीपलीकडचं दिसत नाही, पाठीमागचं दिसत नाही. आवाज तसा नाही, आवाज वळून येतो. का? आवाजाच्या लाटा लांब असतात, हातभर, वावभर, दाराला, कोपऱ्याला वळसा घालून पलीकडे पसरतात. उजेडाच्या लाटा एवढ्या बारीक की दाराच्या मानानं त्या वळल्या न वळल्या सारख्याच. म्हणून शेजारच्या खोलीतला माणूस दिसत नाही पण ऐकू येतो. म्हणून मागची बस दिसत नाही पण हॉर्न ऐकू येतो. तुझ्याच पुस्तकात आहे, म्हटलं, माझं नाही हे. आता बोल. तिनं वाचलं, माझ्या रेघा बघितल्या, आणि काय म्हणाली ऐका. म्हणाली, पप्पा, तुमचा ड्रायव्हर मागची गाडी ऐकतो का? आरशात बघतो. मी पण आरसा लावीन. घ्या! एसटीवाल्याला सांगतेय. आणि खरंच आणला हो, सायकलचा छोटा गोल आरसा, दप्तराच्या पट्ट्याला लावलाय. मला हसू पण आलं. शपथ, आलं. पण आरशात बघायचं विसरली तर? हॉर्न विसरता येत नाही ना, तो आपणहून येतो. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही, हे काय उगाच आहे का?

नाही, जबरदस्ती नाही केली. म्हणजे—एकदा. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. ती बाहेर निघाली होती, मी म्हटलं मशीन घाल, तर मान वळवली. मान वळवली की संपलं, तिच्याशी बोलायचा रस्ताच बंद, ओठ दिसत नाहीत ना. ही एक सोय आहे तिच्याकडे, आपल्याकडे नाही. मग मी धरलं तिला आणि लावलं डोक्याला, चुंबकच तो, चिकटला खटकन. वेणी ओढली गेली थोडी. आणि मी कानाशी बोललो. ओरडलो नाही. म्हणजे मला नाही वाटलं ओरडलो असं. शालन म्हणते खालच्या मजल्यावरून लोक आले. मॅडम म्हणतात मोठ्यानं बोलून उपयोग नाही, स्पष्ट बोला, जवळून बोला, मोठ्यानं बोललं की मशीनमध्ये शब्द मोडतात. हे आता सांगतायत. आधी पण सांगितलं असेल. असेल. पण बहिऱ्या पोरीशी हळू बोलायचं हे पटतं का कुणाला? मला पहिल्यापासून वाटायचं, मी अजून थोडा जोर लावला तर पोचेल. त्या सपाट रेघेच्या दिवसापासून वाटतं. अजून थोडा. बापाचा आवाज पोचत नाही म्हणजे काय?

म्हणून आज आणलंय. मॅडम म्हणाल्या, मी बोलते तिच्याशी, तिचंच ऐकते आधी. मी आत होतो सुरुवातीला. मॅडमनी तिला विचारलं, पप्पा इथं बसलेले चालतील ना? साधा प्रश्न, विचारतात तसा. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मग मॅडमच म्हणाल्या, बाहेर जरा हवेशीर आहे, बसा. तर मी आपला—हवेशीर आहे तसं इथं. पंखा आहे.

तुम्ही घाबरू नका माझं ऐकून. तुमचं बाळ लहान आहे, वेळेत आलात. लाटा येतील कदाचित कॉम्प्युटरवर. आणि नाही आल्या तर—नाही आल्या तर कागद धरा, नका धरू, काय सांगू मी तुम्हाला, मला वाटलं होतं मी सांगेन काहीतरी—

थांबा. दार उघडलं. शालन, काय झालं? काय म्हणते ती?... घालीन म्हणाली? शाळेत? रोज?... आणि रस्त्यावर पण? क्लासला जाताना, येताना? तिनं स्वतः सांगितलं, मॅडमनी नाही सांगायला लावलं? ऐकलंत का हो? रस्त्यावर घालतेय! म्हटलं नव्हतं तुम्हाला, पोरगी हुशार आहे, तिला पटतं, फक्त तिच्या पद्धतीनं पटायला लागतं. झालं की मग. मग अशी का उभी आहेस तू? बस ना. बोल... घरात? घरात काय?... दारात काढणार. चपलांबरोबर. बरं, म्हणजे थोडा वेळ आराम म्हणून—नाही? रोजच? पण घरात मग मी तिच्याशी कसा—

मॅडम काय म्हणाल्या त्यावर?... ठीक आहे म्हणाल्या.

...

नाही, काही नाही. तुमच्या मिसेस हात करतायत तिकडून, बघा. बाळ झोपलं वाटतं. जा तुम्ही. नाही हो, मी बरा आहे. जा म्हटलं ना.